अक्का, धाकटं उडालं!

प्रिय अक्का,

उडालं! धाकटं उडालं! घाईघाईत लिहायलोय. अक्षर बघून तू कान पिळशील, पण आज मास्तरीणपणा बाजूला ठेव. ताट तसंच झाकून आधी कागद ओढला. ही बातमी तुझ्याएवढ्या कळकळीनं ऐकणारं या कॉलनीत दुसरं कोण हाय, सांग बरं?

शिक्रा पाखरांची जोडी यंदाही आली, आपल्या फाटकाजवळच्या कडुलिंबावर. संक्रांतीच्या आधी तू गेलीस आणि मला वाटलं, आता कुणाला पडलंय पिल्लांच्या राखणीचं? पण नर-मादी काड्या गोळा करायला लागले आणि लोक आपापल्या खुर्च्या घेऊन खाली आले की! सकाळी जोशी वहिनी, दुपारी कोंडिबामामा, संध्याकाळी मी. मामा म्हणजे बोरीहून मुलाकडं राहायला आलेले, ते गं, दिवसभर खुर्चीत बसून आल्या-गेल्याला हटकणारे. कुत्री हाकलायची, पिवळा बोका हाकलायचा, मोबाइल घेऊन झाडाखाली घुसणारे त्याहून आधी हाकलायचे. तू लावून दिलेलं काम, तसंच चालू हाय.

पण एक विचारू? पिल्लांना खालून म्हणायचीस, "दम धरा रे, घाई नको." मग तुलाच एवढी कसली घाई झाली होती? निघताना कुणाला विचारलंस?

असो. ऐक.

मोठी दोन पिल्लं गुमान उडाली. धाकटं मात्र वळवाच्या वाऱ्यानं फांदीवरून सुटलं आणि मेंदीच्या कुंपणापाशी येऊन पडलं. पंख धड, पाय धड, पण उडायचं नाव नाही! टुणटुण उड्या मारायचं, दमायचं आणि चोच उघडी टाकून बसायचं. आई येऊन चारून जायची, हे खाऊन परत बसायचं. तुझ्या धाकट्या भावावर गेलं होतं म्हण!

जोशी वहिनी टोपली घेऊनच उतरल्या. "वसंतराव, घरात नेऊ. मी खिमा आणून भरवते."

जोशी वहिनी आणि खिमा! दुसरी वेळ असती तर मी आठवडाभर हसलो असतो. पण बाईचा जीव खरंच तुटायला लागला होता.

मी म्हणालो, "अक्काचा नियम हाय. हात लावायचा नाही."

"अक्का गेल्या हो! त्यांचा नियम धरून हे लेकरू मारणार का?"

असा राग आला मला! पण रागाच्या खाली भीती होती, ती तुला सांगतो. ते मेलं असतं तर सगळ्यांनी हेच म्हटलं असतं की अक्काच्या नियमानं मेलं. पुढच्या वर्षी जो तो टोपली घेऊन उभा राहिला असता, आणि तू एवढी वर्षं लोकांना शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. तरी मी हटलो नाही. तुझ्याच आवाजात वहिनींना सुनावलं, "आई वरून बघायलीय ना? चारायलीय ना? मग तुमी कशाला मधी आई व्हायलात?" त्यांनी टोपली खाली ठेवली. परत मात्र नेली नाही.

आणि आज दुपारी!

ऊन असलं, की जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उन्हासाठीच असावं. धाकटं नखं रोवत रोवत कसंबसं कंपाउंडच्या भिंतीवर चढलं. आम्ही खूश होतोय न होतोय तोच कावळ्यांनी गराडा घातला. काय तो कालवा! एकानं तर शेपटी धरून ओढली. मादी विजेच्या खांबावर ओरडून बेजार. मी काठी शोधायलो, वहिनी टोपलीकडं धावायल्यात, कुणाला काही सुधरेना.

कोंडिबामामांना नेमकी खुर्चीत डुलकी लागलेली. या माणसानं उभा जन्म माळ्यावर बसून ज्वारी राखली. पाखरांचा कालवा कानावर पडला आणि डोळे उघडायच्या आधीच हे ताडकन उभे! डोक्याचा रुमाल सोडला, गोफणीसारखा गरगर फिरवला आणि अशी आरोळी ठोकली, "हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ!" कावळे उडाले. चिमण्या उडाल्या. आणि त्या धसक्यानं धाकट्यानंही भिंत सोडली!

उडालं कसलं, रस्त्यावर कोसळतच होतं. समोरून ऑटो! ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, पिल्लू काचेच्या वीतभर वरून फडफडत गेलं आणि समोरच्या रसवंतीच्या ताडपत्रीवर धप्पकन आदळलं.

मामा मटकन खाली बसले. "घात झाला की ओ! आमी राखायला बसलो अन् आमीच हुसकलं!"

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. गिऱ्हाइकं पेले हातात धरून वर बघायलेत. ऑटोवाला खाली उतरून उभा. जरा वेळानं आपल्या बाजूच्या गुलमोहरावरून आईची हाक आली. पायात ताजा सरडा! धाकट्यानं मान वाकडी करून बघितलं, अंग झटकलं, आणि गेलं गं! सरळ रस्ता ओलांडून, तारांच्याही वरून! फांदीवर उतरताना डगमगलं, पण फांदी धरली आणि पहिलं काम काय केलं तर आईच्या पायातला सरडा हिसकावला.

काय टाळ्या, काय शिट्ट्या! जोशी वहिनींनी ऑटोवाल्याला जबरदस्तीनं रस पाजला. मामा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "उभ्या जन्मात पाखरं हुसकली, पर हुसकल्यावर असं बरं कवाच वाटलं न्हाई." वहिनी म्हणाल्या, "हात लावायचा नाही एवढंच अक्का म्हणाल्या होत्या. ओरडायचं नाही असं कुठं म्हणाल्या होत्या?"

तू असायला पाहिजे होतीस, अक्का! एका वर्षी जिंतूरच्या लग्नात अडकलीस, एका वर्षी आमच्यासाठीच चहा टाकायला वर गेलीस आणि नेमकं तेव्हाच पिल्लू उडालं. पहिली भरारी तुला कधी सापडलीच नाही. त्याची लय हळहळ वाटते.

आता जे झालं ते ऐक, आणि हसू नकोस. त्या गडबडीत मी फोन काढला आणि तुझा नंबर लावला. खरंच लावला! पलीकडून उचलल्याबरोबर ओरडलो, "अक्का, उडालं! हात न लावता उडालं! तुझंच खरं झालं!" मामांची आरोळी, ऑटो, ताडपत्री, मी बोलतच सुटलो. मग पलीकडून हळू आवाजात ऐकू आलं, "मामा, मी सुमी."

तुझी सुमी, ताडकळसहून. तुझा फोन तिनं अजून चालू ठेवलाय, मला काय माहीत! "चुकलं गं पोरी," म्हणून फोन ठेवायलो, तर ती म्हणाली, "ठेवू नका मामा. आईला सांगायलात तसंच सांगा. रोज चार्जिंगला लावते मी हा फोन. यावर फोन करणारे तुमी पहिलेच."

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोंडिबामामांच्या आरोळीला ती खळखळून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग मीही.

तर अक्का, ऐक. धाकट्याला शिकार जमेपर्यंत राखण उठणार नाही. आणि इथून पुढं काहीही घडलं, झाडावर किंवा घरात, की तुझा नंबर फिरवून तुझ्या लेकीला सांगेन, तुला सांगितलं असतं तसंच, ओरडून. शब्द दिला.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
वश्या