वजनाचे यंत्र बायकांना परत मिळणेबाबत

प्रति,
श्री. विद्याधर परचुरे,
कामगार कल्याण अधिकारी,
दख्खन विद्युत-मीटर कारखाना,
राजाजीनगर, बंगळूर.

अर्जदार : कृष्णाबाई खंडोजीराव गायकवाड, वय ५७, स्त्री-विश्रामकक्षाची आया, बिल्ला क्र. ३१.

विषय : विश्रामकक्षाबाहेरील वजनाचे यंत्र लिलावातून वगळून मूळ जागी उभे करणेबाबत, तसेच माफी न मागण्याबाबत.

संदर्भ : सुरक्षा विभागाचा मेमो क्र. ११, दि. २९ जानेवारी १९६४.

महोदय,

१. अर्ज इंग्रजीत लिहावा व टंकलेखन विभागाकडून तीन प्रतींत काढून घ्यावा, हा नियम अर्जदारणीस ठाऊक आहे. ती गेलीही होती. तेथील चार पुरुषांपैकी एकाने विषयाची ओळ ऐकली, यंत्राची फीत संपली आहे असे सांगितले आणि खुर्ची सोडली, तो जेवणाच्या भोंग्यापर्यंत परत आला नाही. उरलेले तिघे त्याला शोधायला गेले. म्हणून हा अर्ज एकाच प्रतीत, हाताने आणि मराठीत आहे. आपण पुण्याहून आलेले आहात. मराठीत सांगितलेले आपणांस समजले नाही असे आपण म्हणू शकणार नाही, हाही त्यात एक सोयीचा भाग.

२. अर्जदारणीचे घराणे या गावात तीनशे वर्षे आहे. मूळ पुरुष घोड्यावरून आला. घोडा येथे येऊन जो बसला तो उठलाच नाही, तेव्हा तोही राहिला, असे तिचे वडील सांगत. घोडा कोणत्या रंगाचा हे दर सांगण्यात बदलत असे. पण बसल्या जागेवरून न उठणे हा गुण घराण्यात कायम आहे, हे या प्रकरणी ध्यानात असावे.

३. कारखान्याच्या नियमाप्रमाणे कामाची जागा सोडून विश्रामकक्षापलीकडे जायचे तर सुपरवायझर नरसिंहराव यांच्याकडून पास घ्यावा लागतो. पासावर "कारण" असा रकाना आहे. तो नरसिंहरावांसमोर, तोंडाने सांगून, भरून घ्यायचा. दोनशे बारा बायका मीटर जुळवणीत काम करतात. महिन्याचे चार दिवस येतात तेव्हा पदर सावरीत उभे राहून प्रत्येकीने काय सांगावे? आठ वर्षे सगळ्यांनी एकच सांगितले : तलेनोवु. म्हणजे डोकेदुखी. नरसिंहरावही सज्जन मनुष्य, मान खाली घालून लिहीत आले.

परिणाम असा झाला की या कारखान्यात बायकांची डोकी सगळ्या म्हैसूर राज्यात जास्त दुखतात असे वरच्या कचेरीस आढळून आले. चौकशी बसली. नवे दिवे लागले. नेत्रतज्ज्ञ आले, त्यांनी तीन दिवस सगळ्यांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली आणि सतरा जणींना चष्मे दिले, ज्यांतील एकीलाही त्याची गरज नव्हती. अठरावा अर्जदारणीस मिळाला. तोच लावून ती हे लिहीत आहे. त्याने अक्षर मोठे दिसते, ही एक कल्याणकारी योजना मात्र फळास आली, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

४. पुढील बाब सांगताना अर्जदारीण हसत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये नीला नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीस, कामावर रुजू होऊन पंधराच दिवस झाले असताना, कामाच्या जागीच पाळी आली. रकान्यापुढे तिची जीभ उचलली नाही. लेथ पुसायला वेस्टचा कापूस असतो, तेलकट, पितळेच्या बारीक किसाचा. त्याचा बोळा तिने उचलला आणि दिवस काढला. दुसराही काढला. तिसऱ्या दिवशी तिला उचलून न्यावे लागले. अकरा दिवस ती इस्पितळात होती. कागदावर "ताप" असे लिहिले आहे. शुद्धीवर आल्यावर अर्जदारणीस म्हणाली, "अक्का, मी डोकं दुखतंय म्हणणार होते. पण दुखत नव्हतं ना." खोटे बोलता न आल्यामुळे या कारखान्यात मरणाच्या दारी गेलेली ही पहिली कामगार असावी.

५. आता यंत्राविषयी. ते कोणी बनवले त्याचे नाव लिहून द्यावे, असे मेमोत फर्मावले आहे. अर्जदारणीस जे माहीत आहे ते असे. तुमकूरच्या रस्त्यावरील एका लहान स्टेशनात हे यंत्र उभे असे. नाणे टाकले की वजन दाखवी आणि भविष्याची चिठ्ठी देई. एकदा स्टेशनमास्तरांना "लवकरच प्रवास घडेल" अशी चिठ्ठी निघाली आणि महिन्यात त्यांची बदली झाली. पुढच्या मास्तरांचेही तेच. तिसऱ्याने नाणे न टाकताच यंत्र भंगारात काढले. ते लोखंडाच्या भावात आपल्या आवारात आले, पावसात भिजले, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी विश्रामकक्षाबाहेरच्या बोळात उभे दिसले. त्याच्या पायाला चिखल होता. यावरून ते चालत आले असे अर्जदारणीचे मत आहे. त्याच्या पोटातील तबके काढून तेथे कप्पे बसवले होते आणि नाण्याऐवजी कामगाराचा पितळी बिल्ला घेईल अशी फट केली होती, तेही त्याने वाटेत स्वतःच केले असावे. टूलरूममधील कोणाही अण्णाचा यात हात नाही. त्यांच्यापैकी कोणाला विचारून वेळ दवडू नये.

६. यंत्राचे काम साधे होते. बायका जेवणाच्या सुट्टीत घरची जुनी, उकळून वाळवलेली धोतरे कापून, मध्ये स्वच्छ कापूस घालून घड्या शिवीत. अर्जदारीण रोज सकाळी त्यांची पुडकी कप्प्यांत भरी. जिला गरज पडे तिने बिल्ला टाकावा, पुडके घ्यावे. संध्याकाळी अर्जदारीण किल्लीने यंत्र उघडून बिल्ले परत करी. कोणाला विचारणे नाही, सांगणे नाही, रकाना नाही. विश्रामकक्षात जायला वेगळा पास लागत नाही, फक्त दहा मिनिटांत परतायचे असते, आणि पुडके हाताशी असल्यावर दहा मिनिटे पुष्कळ होतात. डोकेदुखी ऑक्टोबरात एकशे नव्वद, डिसेंबरात सहा. नव्या दिव्यांचा गुण आला असे वरच्या कचेरीने कळवले, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

यंत्राच्या पोटात भविष्याच्या जुन्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या, त्या पुडक्याबरोबर एक एक पडत. त्या काढता आल्या असत्या. बायकांनी काढू दिल्या नाहीत. त्या दिवसांत कोणी तरी "आपल्या हातून मोठे कार्य घडेल" असे म्हणते आहे, तेवढेच.

७. सुरक्षा अधिकारी प्रतापराव यांचा प्रकार अर्जदारणीने आपण होऊन लिहिला नसता. पण मेमोत "आक्षेपार्ह यंत्र" असे म्हटले आहे, तेव्हा आक्षेप केव्हा सुचला हे यावे. प्रतापराव पलटणीतून निवृत्त झालेले. जानेवारीच्या मध्यास ते बोळातून जाताना यंत्रावर चढले, बिल्ला टाकला. काटा गंजून एकाच आकड्यावर बसलेला आहे. तो आकडा त्यांना पसंत पडला. खाली पुडके पडले. उघडून पाहतात तो मऊ, गुबगुबीत, दोन्हीकडे नाड्या असलेली घडी. बूट पॉलिश करायची गादी कारखान्याने पुरवली आहे, नाड्या हातास बांधायला, असा त्यांनी समज करून घेतला. आठ दिवस रोज एक. अर्जदारणीस ते म्हणाले, "अक्का, मिलिटरीत असली मिळाली नव्हती. आणि वजनही बघा, तसूभर वाढत नाही." तिने "सरी", म्हणजे बरे, म्हटले. पुरुषमाणसाने एखादी सोय मनापासून वापरली तर तिला मोडता घालू नये, असे तिला वाटले.

२६ जानेवारीच्या संचलनास त्यांचे बूट असे चमकले की जनरल मॅनेजर साहेबांनी थांबून विचारले. प्रतापरावांनी सगळ्यांसमक्ष खिशातून गादी काढली, स्वल्प पाणी कसे लावायचे ते दाखवले, आणि मॅनेजर साहेबांच्या मंडळींच्या हातात पाहायला दिली. बाईंनी ती पाहिली. मग परत देत अगदी हळू म्हणाल्या, "ठेवा हो ती खिशात." त्या दिवशी प्रतापरावांना यंत्रातून आलेली चिठ्ठी "लवकरच आपली कीर्ती सर्वदूर पसरेल" अशी होती. यात यंत्राचा दोष काय? त्याने सांगितले ते झाले. २८ तारखेस यंत्र जप्त झाले आणि भंगाराच्या कोठारात गेले. येत्या २४ तारखेच्या लिलावात ते लोखंड म्हणून जाणार, असे फलकावर लागले आहे.

८. मध्यंतरी कोठाराचे बिंदुमाधव यांचीही एक पृच्छा आली. कारखान्यात हत्यार घेताना बिल्ला खिळ्याला टांगायचा आणि हत्यार परत आल्याखेरीज बिल्ला द्यायचा नाही, हा नियम. या यंत्रातून दोन महिने वस्तू दिल्या गेल्या, बिल्लेही परत झाले, मात्र एकही वस्तू परत जमा झाल्याचे दिसत नाही. त्या कोणत्या स्थितीत व केव्हा जमा होतील ते कळवावे, असे त्यांनी विचारले आहे. अर्जदारणीने ते पत्र विश्रामकक्षात मोठ्याने वाचून दाखवले. दोघींना पाणी द्यावे लागले. तथापि कोठाराचा मान राखून, जी एकच वस्तू जमा करण्याजोग्या स्थितीत परत मिळाली, ती सोबत जोडली आहे.

९. अर्जदारीण ३० जून रोजी निवृत्त होत आहे. माफी मागितल्यास हे चार महिने शांततेत जातील, असे आपण तोंडी सुचवलेत. आपला हेतू चांगला होता. पण तिने आयुष्यात पुष्कळ गोष्टी रचून सांगितल्या आहेत, आणि "मला पश्चात्ताप झाला" ही त्यांत घालण्याइतकी चांगली गोष्ट नाही. ती माफी मागत नाही. नाव देत नाही. यंत्र परत मागते.

१०. यंत्र नसल्याने बायका पुन्हा रकान्यापुढे उभ्या आहेत. परंतु मागच्या गुरुवारी, १३ तारखेस, नीला पहिली गेली. खोटे बोलता येत नाही ही तिची अडचण होतीच. तिने या वेळी खरे सांगितले, आणि लिहायला नरसिंहरावांचा हात थांबला तेव्हा पेन्सिल घेऊन स्वतः लिहिले. मागोमाग बाकीच्या. शनिवारपर्यंत शेहेचाळीस पासांवर खरे कारण आहे : कानडीत, तमिळमध्ये, तेलुगूत, उर्दूत, आणि तीन मराठीत. एकीने, पेन्सिल बरी चालते म्हणून, कितवा दिवस तेही लिहिले. पहिल्या पासावर नरसिंहरावांनी न वाचता सही केली. दुसरा वाचला. तिसऱ्यानंतर त्यांनी स्वतःसाठी पास फाडला आणि घरी गेले.

दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळाच्या प्रत्येक पासावर कल्याण अधिकाऱ्याने कारण वाचून सही करावी, असा नियम आहे. हे सगळे पास दहा मिनिटांवरचे आहेत, कारण घरी जाऊन यावे लागते. लिलाव २४ तारखेस झालाच, तर त्या दिवसापासून दोनशे बाराही जणी असेच लिहितील, दर महिन्यास, आणि नियमाप्रमाणे ते आपल्या मेजावर येतील. अर्जदारीण ही धमकी देत नाही. ती नियम पाळते आहे.

तरी यंत्र त्याच बोळात, त्याच भिंतीशी उभे करावे. काटा दुरुस्त करू नये. बायकांनाही तो आकडा आवडतो.

नम्रपणात कसूर नाही, माघारही नाही,

कृष्णाबाई खंडोजीराव गायकवाड
(स्वहस्ते)
बंगळूर, दि. १७ फेब्रुवारी १९६४

सोबत :
१) पास, शेहेचाळीस, खऱ्या कारणांसह. आपल्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे.
२) नीलाचे इस्पितळाचे कागद. "ताप" या शब्दाखाली रेघ अर्जदारणीची.
३) नरसिंहराव यांचा स्वतःचा पास, एक. कारण : डोकेदुखी.
४) घडी, एक, काळे पॉलिश लागलेली. कोठारात जमा करून घ्यावी व पोच द्यावी.
५) यंत्राची किल्ली : जोडलेली नाही.