चार वाजताचे यजमान

वैशाख वद्य पंचमी, गुरुवार

गेला दीड महिना लोकांची लग्नं-मुंजी लावत सुटलो आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे इंदिरानगरला जाणं दोनदा चुकवलं. रविवारी नाशिक रोडच्या मुंजीत तोंडपाठ मंत्र मध्येच सुटला, छाती धडधडली. मागच्या वर्षीचे आजारपणाचे दिवस परत येतायत की काय?

आमच्या सौभाग्यवतींनी उपदेश केला नाही. माझ्या कामांच्या वहीत आजच्या पानावर लिहून ठेवलं: 'इंदिरानगर, चार वाजता. यजमान: आपण स्वतः.' वहीतलं काम मी कधी मोडत नाही, हे तिला ठाऊक. वही कसली, सापळाच!

गेलो. केसांत सकाळच्या लग्नाच्या अक्षता तशाच.

"गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?"

"एकही चुकवली नाही."

"मग घाबरू नका. थकलाय तुम्ही. ते दिवस काही परत आले नाहीत. फक्त येत राहा."

एवढंच ऐकायला इतके दिवस लावले? जिना उतरताना पाय हलके वाटले.

घरी येऊन वहीत पुढचा गुरुवार मीच लिहिला. तेवढ्यात एकाचा फोन, साखरपुडा, त्याच दिवशी चारलाच.

"त्या वेळी जमणार नाही, आधीच ठरलंय."

"कुणाकडे हो, गुरुजी?"

"जुने यजमान आहेत. मध्यंतरी जरा दुर्लक्ष झालं होतं त्यांच्याकडे."