न हलणाऱ्या वस्तू

सोमवार
नवी नोकरी झकास! खेळांसाठी संगणकात खोट्या खोल्या उभ्या करायच्या आणि त्यांतल्या ऊन-सावलीचा हिशोब आधीच करून ठेवायचा. एकट्यादुकट्या संगणकाचं हे काम नव्हे. म्हणून खोलीचे चौकोन पाडून जाळ्यातल्या सगळ्या संगणकांना वाटतात. वाटप करणाऱ्या प्रोग्रामचं नाव पडलंय मुकादम. एखादा संगणक बंद पडला, की मुकादम त्याचा चौकोन लगेच दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. साहेब भले आहेत, पण मुक्काम ऑफिसातच. घरच्यांनी हाकललं का, अशी थट्टा केली. हसले नाहीत.

मंगळवार
नव्या माणसाने सरावाला स्वतःचं घर बांधायचं, ही इथली पद्धत. मी हौसेने बांधलं: पडदा, आमच्या लेकीची, ठकीची तीनचाकी, बायको खिडकीशी, ठकी तिच्या पायाशी आणि मी टेबलाशी रोजनिशी लिहीत. जे हलणार नाही त्यालाच ‘स्थिर’ची खूण करा, असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. मी घाईत सगळंच एकदम निवडलं आणि खूण करून मोकळा झालो. घरचा संगणकही जाळ्यात जोडला, तेवढाच हातभार.

बुधवार
चौकोन तयार होऊन परत येताहेत. काय सुरेख ऊन पडलंय! घरी मात्र खिडकी उघडी असून पडदा हलत नाही. तीनचाकी जागची सरकेना, म्हणून ठकीने भोकाड पसरलं. चाकात काहीतरी अडकलं असेल, असं बायको म्हणाली. मी उचलून पाहिली. उचलेना.

गुरुवार
काल पडद्याचा आणि तीनचाकीचाच चौकोन आला होता. खूण काढली, पण वाटलेलं काम मुकादम परत घेत नाही. घरचा संगणक बंद केला, तर त्याचा चौकोन दुसऱ्याकडे गेला. साहेबांना सांगितलं. त्यांनी स्वतःचं सरावाचं घर दाखवलं. बायको गॅसपाशी, आई पलंगावर. सगळ्यांवर खूण. मीही सगळं करून पाहिलं होतं, म्हणाले. अधूनमधून भेटून येतो, म्हणाले.

शुक्रवार
बायको खिडकीपासून वळली नाही. हात गरम आहे. डोळे उघडे.
ठकीला उचलून निघालो. दार उघडत नाही. दाराचा चौकोनही —
फोन लावला. साहेब नुसते रडले.

शनिवार
ठकी हातातून निसटली. आईच्या पायाशी जाऊन बसली. नेमकी तिथेच. ओढलं, खूप ओढलं —
पाय जड झालेत म्हणाली. मग हसायला लागली. ते हसू अजून तसंच आहे.

आता फक्त टेबलाचा चौकोन उरलाय.
तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मग मी इथे लिहायला कधी बसलो?
मान वळत नाही. बरं झालं, समोरच दिसते ती.
ठकी, घाबरू नकोस गं. बाबा इथेच आहे. बाबा कुठेही जाणार ना