एकतीस रकान्यांच्या अहवालाबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
स्वयंसेवी गट कक्ष, मुक्त सॉफ्टवेअर मंडळ.

विषय : स्थानिक गटांचा त्रैमासिक कार्य-अहवाल एका पानावर आणण्याबाबत.
संदर्भ : आमचा गट ‘निष्क्रिय’ ठरवणारे आपले दि. १ जूनचे पत्र.

महोदय,

१. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. शिंपीणकाकूंच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी आम्ही पाच जण जमतो आणि अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सांभाळतो.

२. मेअखेरीस मंडळाने नवी आवृत्ती काढली आणि सॉफ्टवेअर आठचा आकडा गिळू लागले. आमच्या गटातल्या ऑपरेटरताई दृष्टिहीन आहेत. रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची एकोणीस वर्षे झाली. त्याच आठवड्यात विभागांचे क्रमांक बदलले होते, म्हणून त्या पडद्यावरची यादी ऐकून फोन जोडत होत्या. अतिदक्षता विभाग १८४, धुलाईघर १४. वडिलांची विचारपूस करणाऱ्या एका मुलीचा फोन दोनदा धुलाईघरात गेला. ताईंना मेमो मिळाला.

३. आमच्यातल्या लिफ्ट मेकॅनिकने दि. ३ जूनला चाळीस मिनिटांत दुरुस्ती केली. रुग्णालयाचा संगणक मंडळाकडून आलेलीच आवृत्ती घेतो. म्हणून दुरुस्ती आपल्याकडे चढवायला गेलो, तर दार बंद. गट निष्क्रिय! कारण, अहवालाच्या सतराव्या रकान्यातील छायाचित्रात चार माणसे, हजेरीत पाच. पाचव्याने छायाचित्र काढले, असे कळवले. उत्तर आले, “छायाचित्रकाराची उपस्थिती सिद्ध करावी.” आरसा ठेवून पुन्हा काढले. त्यावर नवा आक्षेप : “छायाचित्रात काम दिसत नाही.” महोदय, काम आठचा आकडा ऐकू येण्याचे होते. ते दिसणार कसे?

४. मी कक्षात फोन केला. आपले लिपिक म्हणाले, “दुरुस्ती तयार आहे ना? मग घाई कसली? आधी अहवाल येऊ द्या.” दुरुस्ती तेवीस दिवस पडून राहिली. बाराव्या दिवशी ताईंना बोर्डावरून उठवून जुन्या फायलींच्या खोलीत बसवले. ज्या साहेबाने अंध बाईला फायली लावायला बसवले, त्याची अक्कल मी वेगळी काढीन. पण ती वेळ आपल्या कक्षाने आणली.

५. सबब, अहवालात चारच प्रश्न ठेवावेत : काय केले, कोणी केले, कुठे अडले, मंडळाकडून काय हवे. अहवालासाठी कोणतीही दुरुस्ती अडवू नये. सात दिवसांत लेखी होकार न आल्यास आम्ही पाचही जण आपल्या यादीतून बाहेर पडू. काम चालूच राहील. रकाने आपण भरत बसावे.

६. दुरुस्ती २६ जूनला मंडळाच्या आवृत्तीत गेली. ताई अजून फायलींच्याच खोलीत आहेत. काल त्यांना हा मसुदा वाचून दाखवला. शेवटच्या ‘आपला नम्र’पर्यंत ऐकून म्हणाल्या, “बाकी सगळं बरोबर आहे. तेवढं ‘नम्र’ काढा.”

आपला,
(स्वाक्षरी)
गटप्रमुख
दि. २ जुलै

सोबत : चार प्रश्नांचा नमुना, मेमोची प्रत.