शनिवारची भेंडी

बाबा, शेजारचे स्पॅनिश काका घर विकून कायमचे आपल्या गावी चाललेत. त्यांच्या दारापुढची विक्रीची पाटी काल निघाली. तुम्ही असतात तर दोन दिवस जेवला नसतात. मला मात्र पाटी निघालेली पाहून सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं हा माणूस दर शनिवारी माझ्या दारात उभा राहतो, तुम्ही शिकवलेलं "जय भीम" म्हणतो आणि भेंडीची पिशवी माझ्या हातात देतो. मराठीत गुड मॉर्निंगला असंच म्हणतात अशी त्यांची समजूत आहे आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही. मी थँक यू म्हणते, दार लावते आणि ओट्याशी उभी राहून जळते. भेंडी नेहमी कोवळी, एकसारखी, चिरताना सुरीला जोर द्यावा लागत नाही अशी. एखाद्या शनिवारी त्यात एक तरी जून निघावी, म्हणजे माझा जीव थंडावेल, असं मला किती वेळा वाटलंय. निघाली नाही.

नागपूरचा तो बुधवारचा बाजार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून परस्पर यायचात आणि मी घरून पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभी राहायचे. भाजी हे तुमचं खातं होतं, त्यात आईलाही शिरकाव नव्हता. मी सातवी-आठवीत आहे. ढिगातून एक वांगं उचलते, चांगलं जांभळं, चकचकीत, देठ हिरवागार. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेता, एकदा फिरवून बघता आणि परत ढिगात ठेवता. मग भेंडीवालीपुढे उकिडवे बसता आणि एकेक भेंडी उचलून तिचं टोक मोडत जाता. टक् झालं की टोपलीत, नुसतीच वाकली की बाजूला. भेंडीवाली कुरकुरते, तुम्ही ऐकत नाही. मीही हात पुढे करते. "तू पिशवी धर, पोरी. तुला काय समजते यातलं? तू आपला अभ्यास पाहा, भाजी मी पाहतो." ती बाई हसते. मी पिशवी धरते. ती पिशवी मी कॉलेज संपेपर्यंत धरली, बाबा. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आले तेव्हा मला कोड लिहिता येत होता, करार वाचता येत होते, पण सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वांग्यांपुढे मी बावळटासारखी उभी राहायचे आणि सगळ्यात महागाचं पाकीट उचलून घरी यायचे.

मग तुम्ही आलात, दोन उन्हाळे, सहा-सहा महिने. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून काकांशी ओळख केलीत. त्यांची इंग्लिश बायको नुकतीच गेली होती. तुमची गट्टी जमली ती टोमॅटोवरून. इथल्या टोमॅटोला चव नाही म्हणून तुम्ही नागपुरीत शिव्या घालायचात, ते स्पॅनिशमध्ये. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण तुमच्याशी बोलताना ते तुमच्याइतकंच मोडकं बोलायचे. तमिळ दुकान सापडल्यावर तर तुम्हा दोघांना रानच मोकळं मिळालं. शनिवारी सकाळी कापडी पिशव्या घेऊन निघालात की दुपारपर्यंत पत्ता नाही. महिन्याभरात त्या दुकानदाराने भेंडीच्या खोक्यावर "कृपया भेंडी मोडू नये" अशी इंग्रजीत पाटी लावली. मी ती तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही मान डोलावलीत, "बरोबर आहे, लोक फार मोडतात," म्हणालात आणि पुढची भेंडी मोडलीत. काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी नव्हते हसले.

एका शनिवारी मी ऑफिसचं काम आटपून गाडीने घरी येत होते. राउंडअबाउटला रांग लागली होती आणि खालच्या पायवाटेवर तुम्ही दोघं बाकावर बसला होतात. तुम्ही पिशवीतून एक भेंडी काढून काकांच्या हातात दिलीत. त्यांनी टोक मोडलं. काचा बंद होत्या, मला काही ऐकू आलं नाही, पण तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारलीत ती दिसली. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता आणि मी त्या थापेकडे बघत बसले होते. बोर्डात आले तेव्हा पेढे वाटलेत, व्हिसा मिळाला तेव्हा डोळे पुसलेत, पण अशी थाप मला कधी दिली नाहीत. रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, मलाही शिकवा ना भेंडी बघायला." तुम्ही ताटातून मानही वर केली नाहीत. "काऊन? त्या लॅपटॉपमधून वेळ भेटते का तुला? तू खा, आम्ही आणतो ना." आम्ही! चाळीस वर्षांच्या बाईच्या पोटात एका शब्दाने किती दुखावं, पण दुखलं.

आज सकाळी काका आले ते रिकाम्या हाताने. तुमच्याशी बोलायचे त्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "टुडे यू कम." मी गेले. त्याच पायवाटेने, तुमच्या बाकावरून. दुकानातली पाटी अजून आहे, कोपरे पिवळे झालेत. काकांनी एक भेंडी माझ्या हातात दिली. मी टोक मोडलं. ते नुसतंच वाकलं. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. बाबा, माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर दुकानात मी विचारलं, माझ्या वडिलांनी तुम्हाला का शिकवलं? मला का नाही?

काका गोंधळले. मला हे ठाऊकच असणार असं त्यांनी धरलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात परत निघायच्या आधी तुम्ही इथेच, या खोक्यापाशी त्यांना काय सांगितलंत ते त्यांनी तुमच्याच सुरात, तुमच्यासारखं बोट नाचवत म्हणून दाखवलं. "नेक्स्ट इयर आय नो कम. बॉडी फिनिश. माय डॉटर बिग जॉब, नो टाइम. यू सी भेंडी." मग आपल्या आवाजात म्हणाले, "सो आय सॉ."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आम्हाला कोणाला सांगितलं नाहीत, आणि मला शिकवायचं सोडून माझ्यासाठी माणूस तयार करून ठेवलात. तू अभ्यास पाहा, भाजी मी पाहतो. मेल्यावरसुद्धा तेच! मला रडूही आलं आणि तुमचा रागही आला. काकांबद्दलचा मत्सर गेला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही गेला, उलट वाढला. तुमचं शेवटचं मागणं त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. मी खोक्यापुढे उभी राहिले आणि मोडत गेले. दुकानदार बघून न बघितल्यासारखं करत होता. बऱ्याच वेळाने एक टक् झाली. काकांनी मान हलवली. थाप मात्र दिली नाही, आणि ते बरंच झालं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आता भेंडी चिरायला घेते. फक्त एक सांगते. परत येताना मी काकांना विचारलं, तिकडे भेंडी मिळते का? ते म्हणाले, त्यांच्या गावात ती कोणी पाहिलेलीसुद्धा नाही. मी तोंडाने अरेरे म्हटलं. मनातून फार बरं वाटलं, बाबा.