धडधाकट दादाचा शोक

चिखली,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. इंदूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मामांनाही नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आमच्या दीड खोलीत फोनवर बोललेलं शेजारच्या रुक्मिणीबाईंनाही ऐकू जातं, म्हणून कागद घेतला. वाचून झालं की फाडून टाक. मामांना दाखवू नकोस.

आत्या, मी एक भयंकर गोष्ट केलीय. दिवाळीपासून मी चिंचवडच्या नाट्यसंस्थेत जाते हे तुला माहीतच आहे. दिवसभर चष्म्याचं दुकान, संध्याकाळी तालीम. आमचे बुद्धभूषण सर माणूस चांगले, पण बोलणं असं की अंगाची सालटी निघावीत. माझं रडणं म्हणजे टाकीचा नळ, सोडला की सुरू, पिळला की बंद, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मी घरी येऊन मोरीत तोंड धुताना स्वतःलाच शिव्या घालायचे. आपल्याला हे जमणार नाही, उगाच हौस केली, असं वाटायला लागलं होतं.

मागच्या बुधवारी सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकानं आपलं सगळ्यात मोठं दुःख सांगायचं होतं. सायली म्हणून एक मुलगी आहे, तिनं तिच्या आईचं सांगितलं. शेवटी शेवटी आई तिला ओळखतच नव्हती म्हणे. माझी पाळी आली तर माझ्याकडे काहीच नाही! बाबा बरे, आई बरी, दादा तर चांगला धडधाकट. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझा दादा, दिग्विजय, दोन वर्षांपूर्वी गेला. चाकणच्या रस्त्यावर, कंपनीतून येताना. शप्पथ सांगते, ठरवून नाही बोलले. आणि मग जी रडायला लागले ती थांबेचना. सायलीनं पाठ चोळली, सरांनी स्वतः पाणी आणून दिलं. दुसऱ्याच दिवशी मला एकांकिकेत मुख्य काम मिळालं. त्यात एका बहिणीचा भाऊ अपघातात गेलाय आणि ते वडिलांना सांगायची पाळी तिच्यावर आलीय.

घरी आले तर आमचे कैलासवासी दादा कांदा चिरत बसलेले. मला काम मिळालं हे ऐकून त्यानं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. ९ फेब्रुवारीला स्पर्धा आहे, त्या दिवसाची सुट्टी त्यानं आत्ताच सांगून ठेवलीय. तो तिथं आला की काय होईल? आणि त्याहून वाईट म्हणजे, वास्तू तथास्तु म्हणते असं तूच सांगायचीस ना? महाळुंग्याच्या कंपनीतून तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. काल मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, तर म्हणतो कसा, माझ्यासारख्या काळ्या बेंद्र्याला कोण दृष्ट लावणार. काही उतारा असेल तर कळव. उपास, नारळ, सांगशील ते करीन.

लोभ आहेच. हे वाचूनही तो टिकव.

तुझी पापी भाची,
विजू

•

भूम,
दि. १४ जानेवारी २०२५

चि. विजयश्रीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि पाठीत एक रट्टा.

तीळगूळ पाठवलाय. दिगूला जास्त दे, मेलेल्या माणसाला भूक लई असती. अगं भवाने, सोन्यासारखा भाऊ, आणि त्याला चाकणच्या रस्त्यावर आडवा केलास व्हय गं? मामांनी दोनदा विचारलं काय लिहिलंय म्हणून. भिशीचं आहे म्हणून सांगितलं. म्हातारपणी तुझ्यापायी खोटं बोलावं लागलं.

आता भिऊ नको, एक गोष्ट सांगते. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची. तुझ्या बापाच्या, सयाजीच्या, डोक्याला कावळा शिवला. आपल्याकडं तो मोठा अपशकुन. मग तो टाळायला लांबच्या नातलगाला त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. तिकडं कुणी खरंखुरं रडलं की इकडचं संकट टळतं, अशी रीत. तुझ्या आजीनं ती बातमी मला धाडली. सायकलवरून एक माणूस आला आणि सयाजी गेला म्हणून सांगून चहा न घेता परत फिरला. मी एका पायात चप्पल घालून एसटीत बसले. माहेरी पोचले तर हा बाबा लिंबाखाली बसून शेंगा खातोय. त्याच चपलेनं बडवला त्याला.

आज त्याला साठी आलीय, गुडघे तेवढे कुरकुरतात. तेव्हा दिगूला काही होत नाही, उलट आयुष्य वाढतं म्हणतात. उपास-बिपास करून आईच्या जिवाला घोर लावू नको.

पण विजू, बातमी खोटी होती तरी मी रडले ते खोटं नव्हतं. तो पंचमीला मला न्यायला आला नव्हता म्हणून दोन वर्षं मी त्याला ओवाळलं नव्हतं. एसटीत मी तेवढंच घोकत होते, की ओवाळलं नाही, ओवाळलं नाही. माणूस मेल्याचं रडणं निराळं आणि आपण त्याचं काय केलं त्याचं निराळं. तू धडधाकट भावासाठी श्वास अडकेस्तोवर रडलीस, ते उगाच न्हाई. काय केलंयस तू त्याचं? मला सांगू नको, पण स्वतःला विचार.

आणि त्या सायलीनं आपली खरी आई तुमच्यापुढं ठेवली. तिच्यापुढं तू खोटं मढं ठेवलंस. हे मला आवडलं न्हाई. त्या लेकरांना सांगून टाक. काम गेलं तर गेलं.

आईला सांग, तिनं मागितलेला काळा मसाला कुटून ठेवलाय. माया आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
इंदूआत्या

•

चिखली,
दि. २४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा रट्टा पोचला. तीळगूळही पोचला, दादानं एका बैठकीत संपवला.

मी सांगितलं, आत्या. सोमवारी तालमीच्या आधी सगळ्यांना थांबवलं आणि माझा भाऊ जिवंत आहे, मी खोटं बोलले, असं म्हणाले. सायली उठली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि निघून गेली. सर म्हणाले, काम काढून घेत नाही, पण यापुढे मला तुझे अश्रू दाखवू नकोस, नुसती वाक्यं म्हण. आता मी नुसती वाक्यं म्हणते. सायली दोन दिवसांनी आली. माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

तू स्वतःला विचार म्हणालीस. मला विचारायची गरजच नव्हती, मला ठाऊक होतं. ते इतकी वर्षं तोंडातून काढलं नाही, आज तुलाच सांगते.

दादाला नाटकाचं किती वेड होतं तुला आठवतं ना? तीन वर्षांपूर्वी त्यानं याच संस्थेत, याच सरांसमोर वाचन करून दाखवलं होतं. आठवड्यानं सकाळी फोन आला. तो थर्ड शिफ्ट करून झोपला होता, मी उचलला. चाळीस जणांतून तुमच्या भावाला मोठ्या कामासाठी निवडलंय, दोन महिने रोज तालीम, शिफ्टचं बघा, असं सर म्हणाले. तेव्हा बाबांचं वर्कशॉप बंद पडलं होतं आणि माझं कॉलेज सुरू व्हायचं होतं. दादा आईला म्हणाला होता की निवड झाली तर नोकरी सोडीन. मी घाबरले. आता माझं शिक्षण बुडालं, एवढंच डोक्यात आलं. मी सरांना म्हणाले की दादा कायमचा गावी गेला, आता येणार नाही. आणि आलेला फोन यादीतून पुसून टाकला.

तो महिनाभर फोन हातात घेऊन झोपायचा. मग एक दिवस हसून म्हणाला की आपल्यात काही नाही, उगाच वेळ घालवला. त्यानंतर त्यानं गणपतीतसुद्धा स्टेजवर पाय ठेवला नाही. गेल्या दिवाळीत मला गाडीवर बसवून त्या दारात सोडणारा तोच. मला नाही घेतलं, पण तुला घेतील, तुझ्यात दम आहे, असं म्हणाला. मी मागे बसून त्याच्या जॅकेटात तोंड खुपसून गप्प राहिले.

मी त्याचीच बहीण, हे एवढ्या मुलांत सरांच्या ध्यानात आलेलं नाही. मी चोर आहे, आत्या. त्याची जागा चोरली आणि वर त्यालाच मारलं. हे त्याला सांगायला तोंड उघडतच नाही. तो स्पर्धेसाठी बूट पॉलिश करतोय. नाटक झाल्यावर सांगितलं तर चालेल का?

तू काय म्हणशील ते.

तुझी,
विजू

•

भूम,
दि. ३० जानेवारी २०२५

चि. विजूस आशीर्वाद.

चालणार न्हाई. नाटक झाल्यावर चार लोक टाळ्या वाजवतील, आई दृष्ट काढील, दिगूचा ऊर भरून येईल आणि तेवढ्यात तू सांगशील. मग त्या बिचाऱ्याला रागवायची तरी सोय ठेवशील का? त्याचा राग हा त्याचा हक्क आहे, तो बुडवू नको. आधी सांग. शिव्या घालू दे. बोलला न्हाई तर तेही सोस.

मलाही पत्र वाचून तुझा राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं न्हाई. पण वयच काय होतं तुझं, सतरा. जा, सांग जा.

इंदूआत्या

•

चिखली,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
दिगूचा शि. सा. न. वि. वि.

मला पत्राचा सराव नाही, अक्षर सांभाळून घे. विजू म्हणाली तुला सगळं माहीत आहे, म्हणून लिहितोय.

शुक्रवारी, म्हणजे नाटकाच्या दोन दिवस आधी, ती माझ्यासोबत कंपनीच्या बसच्या थांब्यावर आली. दुपारची वेळ, सेकंड शिफ्टची पोरं उभी होती. तिनं तिथंच सांगितलं. दोन्ही सांगितलं, फोनचं आणि मला मारल्याचं. इकडंतिकडं बघितलं नाही, रडली नाही. बस आली. मी चढलो. त्या शिफ्टला मी एका गाडीची सीट उलटी बसवली, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. तीन वर्षं मी आरशात बघून म्हणत होतो की तुझ्यात काही नाही. ते कोण म्हणत होतं, मी का माझी बहीण? डोकं फिरलं होतं, आत्या. दोन दिवस घरात जेवलो नाही.

रविवारी जायचं नाही ठरवलं होतं, तरी गेलो. मागच्या रांगेत बसलो. तिचा तो प्रवेश आला. वडिलांसमोर उभी राहून तिला सांगायचंय की भाऊ गेला. तिनं वाक्याला तीनदा सुरुवात केली आणि तीनदा थांबली. रडली नाही. चौथ्यांदा सांगितलं, अगदी हळू, आणि सांगून झाल्यावर वडिलांची शिवी खायला मान खाली घालून उभी राहिली. थांब्यावर अशीच उभी होती. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी नाही पुसले, मला राग येत होता. पण पोरगी खरं बोलत होती, हे मलाही कळलं. बक्षीस सायलीला मिळालं, उत्तेजनार्थ. ती विजूशी अजून तुटकच बोलते.

नंतर विजूनं मला सरांसमोर नेलं आणि फोनचं त्यांनाही सांगितलं. त्यांनी मला ओळखलं. तो आवाज लक्षात आहे म्हणाले. बुधवारी ये आणि वाच, असं सांगितलं. मी गेलो. आत्या, फार वाईट वाचलं मी. श्वास पुरत नव्हता, एक पान संपवताना घामाघूम झालो. विजू दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं. सर एवढंच म्हणाले की गंज चढलाय, पुढच्या बुधवारी परत ये.

एक गोष्ट विजूला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. फोन आला नाही तेव्हा मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं होतं. नोकरी सोडायची भीती मलाही होती. खरंच दम असता तर मी स्वतः जाऊन विचारलं नसतं का? तीन वर्षांत एकदाही त्या दारापर्यंत गेलो नाही. गेलो तो तिला सोडायला. तिच्या चुकीमागं माझी भित्री बाजू मजेत लपली होती. तिला हे सांगायचं अजून माझ्यानं होत नाही. होईल तेव्हा सांगीन.

तू विचारशील, बहिणीला माफ केलंस का. केलेलं नाही. तिनंही माफी मागितलेली नाही. घरात कामापुरतं बोलतो. पण शिफ्टवरून आल्यावर मी तिला वही देतो आणि ती माझं पाठांतर घेते, रोज दोन पानं. मी अडखळलो की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मग मी तिला सांगतो, रडू नको, पुढचं वाक्य सांग.

मामांना नमस्कार. जमलं तर चुका पोटात घाल, आम्हा दोघांच्याही.

तुझा,
दिगू