माझ्या घरात न सापडलेल्या फाइलींबाबत

दि. २४ ऑगस्ट २००६
मानसरोवर, जयपूर

प्रति,
मा. मुख्य दक्षता अधिकारी,
सह्यसिंधु सहकारी विमा संस्था, पुणे

विषय : माझा अर्ज या खेपेस शेवटपर्यंत वाचण्याबाबत.
संदर्भ : माझा मे महिन्यातील अर्ज व त्यावरील आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. जयपूर शाखेच्या मोठ्या संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याची स्वतंत्र जागा असते. तिला ‘होम’ म्हणतात. या जागांत कुणीतरी आपोआप चालणारे प्रोग्राम ठेवले आहेत. नावाआधी टिंब असल्याने ते नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यामार्फत कुणालाही आमच्या नावाने पत्रे धाडता येतात. हे मी वेळेत कळवले होते.

२. पत्रव्यवहार शुद्ध मराठीत करावा, हे परिपत्रक आपलेच. म्हणून ‘होम’ला घर आणि ‘एक्झिक्युटेबल’, म्हणजे चालणाऱ्या, फाइलींना कार्यकारी म्हणत मी ‘वापरकर्त्यांच्या घरांत लपवलेल्या कार्यकारी फाइली’ असे लिहिले. त्यावरून आपल्या कार्यालयाने असा अर्थ काढला, की कार्यकारी संचालकांच्या फाइली मी घरी दडवल्या आहेत. पुढचे एक वाक्य वाचण्याची तसदी कुणी घेतली नाही.

३. परिणामी प्रशासन अधिकारी श्री. गुलाबराव निंबाळकर सिक्युरिटी गार्ड घेऊन माझ्या घरी आले. कपाटे उपसली, गव्हाच्या पिंपात हात घातला, सासूबाईंच्या साड्यांच्या घड्या मोडल्या. शेजारचे शर्माजी जिन्यात उभे राहून सगळे पाहत होते. काही सापडले नाही, तर ‘फाइली अन्यत्र हलवल्याचा संशय’ असा अहवाल गेला. सासूबाई अजून विचारतात, “मधू, खरं सांग, कुणाच्या फाइली गं?” मला याचा संताप आला आहे आणि तो मी आदरार्थी शब्दांखाली झाकणार नाही.

संगणक मात्र कुणी तपासला नाही. आपल्या कक्षाने नेहमीची यादी छापली आणि ‘यात असे काही दिसत नाही’ असा शेरा मारला. यादीत दिसली असती, तर त्या फाइलीला लपलेली कशाला म्हटले असते?

परवा त्याच वाटेने माझ्या नावाने माझा राजीनामा आपल्याकडे पोहोचला. मी तो लिहिलेला नाही. तो इंग्रजीत आहे, तरी परिपत्रक कुणाला आठवले नाही. माझा मराठी अर्ज मे महिन्यापासून पडून आहे. राजीनामा त्याच संध्याकाळी मंजूर झाला.

मला कामावर परत घ्यावे आणि तो संगणक तपासावा. माझे घर तपासून झाले आहे.

आपली, राजीनामा न दिलेली,
(सही)
सौ. मधुमती निमिष देवस्थळी
सहायक, जयपूर शाखा

सोबत : मी न दिलेल्या राजीनाम्याच्या मंजुरीची प्रत.

ता.क. हा अर्ज हाताने लिहिला आहे. संगणकावरून माझ्या नावाने येणारे काहीही माझे समजू नये.